पायाळूचा पाय

ईश्वरदासच्या ढब्बूची मान सकाळी अचानक आखडली. म्हातारं, चिमुकलं कुत्रं ते. ताटलीत तोंड घालता येईना, की मागे वळून पाहता येईना. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी ईश्वरदासचा जीव थाऱ्यावर येईना. उसण भरली की पायाकडून जन्मलेल्या माणसाने हलकी लाथ मारायची, म्हणजे उतरते, हे त्याने आईकडून ऐकलेलं. बेसा भागातल्या त्यांच्या लेआउटच्या वस्तीत असा पायाळू एकच होता. शेजारचा रुपराव. तो तर ढब्बू भुंकला की रोजच लाथ उगारायचा.

ईश्वरदासने त्याच्यापुढे हात जोडले. "रुपरावभाऊ, आता माराच एक लात त्याले. पण हळू मारा जी."

"अशी फुकट भेटत नाही," रुपराव ऐटीत म्हणाला. "पायाळूचा पाय हाय गा हा. आधी धुवा लागते."

ईश्वरदासच्या बायकोने, पुष्पलताने, पाण्याचा तांब्या आणला. ईश्वरदासने नीट पाय धुतला, पुसला. रुपरावने डोळे मिटून अंगठा अलगद ढब्बूच्या मानेला टेकवला. ढब्बूने गर्रकन वळून तो दातांत धरला.

"फिरली वं, मान फिरली!" ईश्वरदास बायकोकडे पाहून नाचायला लागला.

"आला ना गुण माह्या पायाचा?" रुपराव डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणाला. "आता सोडाले सांग त्याले."