नावापुढे बी.एस्सी.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती आणि फॉर्म पाचला बंद होणार होता.

“बाबा, हा एकच क्वेश्चन राहिलाय,” हिमानीनं लॅपटॉप वडिलांकडे वळवला. “आई-वडिलांपैकी कोणाकडे चार वर्षांची कॉलेज डिग्री आहे का? ‘नो’ असेल तरच ही स्कॉलरशिप. घरातून पहिल्यांदा डिग्री घेणाऱ्या मुलांसाठी आहे ती.”

“मग ‘नो’ कसं म्हणणार?” शशिकांत बोंद्रे म्हणाले. “मी ग्रॅज्युएट आहे.”

ते ग्रॅज्युएट आहेत हे कोणाला माहीत नाही, असं त्यांनी आजवर होऊ दिलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे कंसात बी.एस्सी. होतं. अमेरिकेत आल्यावर ट्रॉय गावच्या मराठी मंडळाच्या यादीतही होतं. ते दिवसभर गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात खोकी लावत. पदवी मात्र टीव्हीच्या वर, गणपतीशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये टांगलेली होती. आणि मुलगी दोन वर्षांच्या, स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजात जाते हे कोणाला सांगताना ते त्यात ‘सध्या’ हा शब्द न चुकता घालत.

“पण तुमचं तीन वर्षांचं होतं ना?”

“आमच्याकडे बी.एस्सी. तीनच वर्षांचं असतं. म्हणून काय ते अर्धवट झालं?”

हिमानीनं डोळे मिटून घेतले. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पुढच्या महिन्यात संपत होती. उरलेल्या दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीनं तिला घेतलं होतं, पण ही स्कॉलरशिप मिळाली तरच ती जाऊ शकत होती. नाहीतर ऑगस्टपासून ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे पूर्ण वेळ उभी राहणार होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं.

तिनं कॉलेजच्या ट्रान्सफर ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज गोड होता आणि उत्तर नेमकं. पदवी परदेशातली असेल, तर ती इथल्या हिशेबानं तपासून घेतल्याचा रिपोर्ट जोडा. इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही असं त्यात असेल, तर खुशाल ‘नो’ लिहा. सोबत वडिलांच्या सहीचं डिक्लेरेशन.

“तो रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतात,” फोन ठेवून हिमानी म्हणाली. “आपल्याकडे फॉर्टी मिनिट्स आहेत. इट्स ओव्हर, बाबा.”

तिची आई, सुलभा, हात पुसत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बारावी होताच तिचं लग्न झालेलं. तिच्याबद्दल फॉर्मची काही तक्रार नव्हती.

बोंद्रे उठले. टीव्हीजवळ स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेम खाली काढली.

“अहो, ती आता कशाला? त्यांना रिपोर्ट हवाय,” सुलभा म्हणाली.

त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी घातली आणि मागच्या पट्ट्या नखानं उचकटल्या. पुठ्ठा आणि पदवी यांच्या मधून घडी घातलेला एक कागद निघाला. दहा वर्षांपूर्वीची तारीख. शशिकांत वामन बोंद्रे यांचं शिक्षण अमेरिकेतल्या कॉलेजच्या तीन वर्षांइतकं आहे. बॅचलर्स पदवीच्या बरोबरीचं नाही.

“तुम्ही तर म्हणाला होतात, पदवी तपासायला पाठवली त्या लोकांचं उत्तरच आलं नाही,” सुलभा म्हणाली.

“आलं होतं,” बोंद्रे म्हणाले. “हिमानी, स्कॅन कर. वेळ नको घालवूस.”

तिनं स्कॅन केला. त्यांच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. मग डिक्लेरेशन छापून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं. एकच वाक्य होतं: माझ्याकडे बॅचलर्स किंवा तिच्या बरोबरीची पदवी नाही. खाली सहीसाठी रेघ. बोंद्र्यांनी चष्मा लावला, वाक्य दोनदा वाचलं आणि झरकन सही ठोकली.

“बाबा! हे काय केलंत?”

रेघेवर लिहिलं होतं: एस. व्ही. बोंद्रे, बी.एस्सी.

“हात गेला गं,” ते म्हणाले. ते खरंच घाबरले होते. “सवय आहे हाताला. दुसरा काढ. लवकर काढ.”

चार पन्नास. प्रिंटरनं कागद ओढला, अडकवला, तिनं तो उपसून काढला, त्यानं दुसरा ओढला. तिघंही त्याच्याभोवती उभे होते. या वेळी बोंद्र्यांनी पेन अगदी सावकाश चालवलं. ‘बोंद्रे’ लिहून झालं तसं त्यांनी ते उचललं आणि लगेच टोपण लावून टाकलं.

चार सत्तावन्नला पडद्यावर हिरवी खूण आली. फॉर्म गेला. हिमानीनं खुर्चीतच डोकं मागे टाकलं.

“मिळेल ना गं?” सुलभानं विचारलं.

“जूनमध्ये कळेल, आई.”

बोंद्रे पुन्हा स्टुलावर चढून फ्रेम लावत होते. खिळा काही केल्या सापडत नव्हता. टेबल आवरताना हिमानीच्या हाताला तो पहिला, वाया गेलेला कागद लागला.

“हा फाडून टाकू ना, बाबा?”

“नको,” भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले. “त्याच्यावरची सही बरोबर आलीये.”