उस्तादाचा थर्मास

अर्जेंटिनातल्या सान हुआनच्या स्टेडियममध्ये रोलर हॉकीच्या विश्वचषकाची फायनल बरोबरीत होती आणि शेवटच्या मिनिटाला इटलीला पेनल्टी मिळाली. मारणारा उस्ताद उबाल्दोचा मुलगा होता, पणजोबा इटालियन म्हणून तिकडून खेळणारा. अडवणारा अर्जेंटिनाचा गोलकीपर उबाल्दोच्याच हाताखाली तयार झालेला. गल्लीतल्या सामन्यांपासूनची उस्तादाची खूण दोघांना पाठ होती: चेंडू गोलकीपरच्या ज्या बाजूला येणार, उस्तादाच्या त्या काखेत त्याचा नेहमीचा चहाच्या पाण्याचा थर्मास. "आज तरी तो हलवू नकोस हं," प्रेक्षकांत उबाल्दोशेजारी बसलेली बायको पुटपुटली. "बघ, दगड झालोय." मुलाने स्टिक मागे नेली. गोलकीपरने प्रेक्षकांतल्या उबाल्दोकडे पाहिलं आणि तो डावीकडे झेपावला. पण मुलानेही पाहिलं होतं. चेंडू गोलकीपरच्या उजवीकडून जाळ्यात शिरला. अख्खं स्टेडियम थिजलं. उबाल्दोने दचकून खाली पाहिलं, तर थर्मास डाव्या काखेत होता. तो कधी हलवला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. बायकोने हळूच विचारलं, "कुणासाठी हलवलास?"