तिसरी वायर

"काका, पाय काढा. रेस देऊ नका. नुसते बसा," मिस्त्री बॉनेटमागून ओरडला.

म्हाताऱ्यानं पाय उचलला. पिकअपचं इंजिन तरीही जोरात, एकसारखं फिरत होतं. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. मिस्त्रीनं आत वाकून एक स्क्रू सैल केला, तशी गाडी उभ्या जागी थरथरू लागली. आरसा हलला, दाराची काच खडखडली.

"रेसचा स्क्रू कुणी चढवून ठेवला हो? इंजिन जोरात फिरत राहिलं की थरथर कळत नाही. मुद्दाम केलंय कुणीतरी."

"नवा ड्रायव्हर असेल. त्याचीच कुरकुर चाललीय, चढावर स्टिअरिंग धरवत नाही म्हणून," बाहेर उभा असलेला म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला.

म्हातारा समोरच्या काचेवरची धूळ बघत राहिला. स्क्रू त्यानंच पिळला होता, दवाखान्यात जायच्या आधी. गाडी थकलीय असं पोराला कळलं असतं, तर दुकानातल्या गाद्या पोचवायला नवी गाडी आली असती, आणि नवी गाडी काय एकटी येते? नवा माणूस तर तसाही आलाच.

इथं येताना त्यानं पोराला विचारलं होतं, "दुकानाचं काही अडलं नाही ना रे माझ्यावाचून?"

"छे हो बाबा. काहीसुद्धा अडलं नाही. तुम्ही आराम करा आता," पोरगा म्हणाला होता. अगदी मायेनं.

मिस्त्रीनं हातात जाड रबरी मोजा चढवला. "आता एकेका सिलिंडरची वायर काढून बघतो. इंजिन अडखळलं तर तो कामाचा. काही फरकच पडला नाही, तर तो बिनकामाचा."

पहिली काढली. इंजिननं गचके खाल्ले. त्यानं ती परत लावली. दुसरीलाही तसंच झालं.

तिसरी काढली. म्हाताऱ्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. काहीच झालं नाही. गाडी आधी थरथरत होती तशीच थरथरत राहिली.

"हे बघा आपले साहेब," मिस्त्री म्हणाला. "तिघं राबतायत आणि हे नुसते बसून फिरतायत."

मुलगा हसला. म्हाताराही हसला, जरा उशिरानं.

"मग आता विकूनच टाकू. किती दिवस ओढायची?" मुलगा म्हणाला.

"अहो, बघू तर द्या." इंजिन बंद करायला लावून मिस्त्रीनं प्लग काढला, पुसला, उजेडात धरला. मग ती वायर बोटांत वाकवली. रबर उकललेलं होतं. "सिलिंडर धडधाकट आहे. वायर फुटलीय. ठिणगीच पोचत नव्हती बिचाऱ्यापर्यंत. तो तरी काय करणार?"

नवी वायर बसली. म्हाताऱ्यानं किल्ली फिरवली. आरसा हलला नाही. काच वाजली नाही.

मुलानं दार उघडून पायरीवर एक पाय ठेवला. "सरका बाबा, मी घेतो."

"थांब जरा," म्हातारा म्हणाला. "चारही सिलिंडर ऐकू दे."

मुलगा थांबला. थोड्या वेळानं त्यानं किल्लीकडे हात नेला. किल्लीवर म्हाताऱ्याची मूठ होती.