मुंबईच्या साहेबांची पसंती

"सही निळ्या शाईत आहे. काळ्या शाईत हवी," असं म्हणून धुळ्याच्या कार्यालयातल्या झुलाल भाऊसाहेबांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला आणि पानाची डबी उघडली.

डॉ. कौतिक महाजनच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्या खेपेला याच माणसाने काळी सही नाकारून निळी मागितली होती. त्या शाईपायी कौतिक सातपुड्याच्या पायथ्यापासून इथवर पुन्हा एस.टी.ची धूळ खात आला होता. पण भाऊसाहेबांशी भांडून चालणार नव्हतं. अर्ज पुढे धाडणं त्यांच्याच हातात होतं.

मुंबईच्या एका संस्थेने तरुण डॉक्टरांसाठी फेलोशिप काढली होती. ती मिळाली तर कौतिकला आपल्याच आडगावच्या सरकारी दवाखान्यात आणखी तीन वर्षं राहून सिकलसेलवर संशोधन करता येणार होतं. आईबापांकडून पोरांत उतरणारा हा रक्तातला दोष त्या भागात घरोघरी होता. रक्त तपासायचं यंत्रसुद्धा संस्था देणार होती. फेलोशिप नाही मिळाली, तर जूनमध्ये जळगावला बदली ठरलेली. जळगावातल्याच पिंप्राळ्यात राहणारे त्याचे वडील त्या बदलीसाठी देव पाण्यात घालून बसले होते. बरोबरीचे डॉक्टर अशा गावांतून सुटायला वशिले लावत होते आणि हा गडी तिथेच राहायला अर्ज करत होता. त्याचं डोकं फिरलंय, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

ते फिरवलं होतं रुपलीने. लहानगी पोर, हातपाय दुखायला लागले की आईच्या मांडीवर तळमळायची. तिचे दोन भाऊ याच दुखण्याने गेले होते. तिला तशीच सोडून जळगावात सर्दी-पडसं तपासत बसायचं, या विचाराने कौतिकला जेवण गोड लागत नसे.

शेवटी काळी शाई एकदाची भाऊसाहेबांच्या पसंतीस उतरली. एप्रिलमध्ये संस्थेचे डॉ. सबनीस दवाखाना बघायला येणार, असा निरोप आला.

तो निरोप गावभर व्हायला वेळ लागला नाही. रुपलीचा आजा कुवरसिंग गावातला वडीलधारा माणूस. संध्याकाळी तो दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"डाक्टरभाऊ, मुंबईना साहेब काब्र येस?"

कौतिक नुकताच पुन्हा एकदा धुळ्याहून परतला होता. अंगात नुसता वैताग भरलेला. फेलोशिप म्हणजे काय, हे आता समजावत बसायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"मला बघायला येतोय, आबा. पोरगी बघायला येतात ना, तसं. गावाला विचारणार, डॉक्टर कसा आहे म्हणून."

"आन् पसंत पडी गया तं?"

"पडलो तर देव पावला!"

कुवरसिंग बराच वेळ विडी ओढत बसला. मग उठून घरी गेला.

साहेब आले ते नेमके मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत. सगळं गाव पहाटेच रानात जायचं. साहेबांसमोर काळं कुत्रं तरी फिरकेल का, या काळजीने कौतिकला झोप नव्हती. पण त्या दिवशी मोह झाडाखाली तसाच टाकून म्हातारेकोतारे, बायका, पोरंसोरं, सगळे दवाखान्यासमोर येऊन बसले. कौतिकला अगदी भरून आलं.

सबनीसांची एक पद्धत होती. डॉक्टरदेखत लोक खरं बोलत नाहीत, म्हणून त्यांनी कौतिकला आत बसवलं आणि बाहेर निंबाखाली एकेकाला बोलावून विचारपूस केली. दुभाष्याचं काम गावातल्याच खेमा कंपाउंडरकडे होतं. खिडकीतून माना हलताना दिसत होत्या. रुपलीची आई रेशमा तर हातवारे करून बोलत होती. चहा द्यायच्या निमित्ताने कौतिक बाहेर गेला, तसे सगळे गप्प झाले. खेमाने मान वर केली नाही.

निघताना सबनीस जीपपाशी थांबले.

"तुमची तयारी उत्तम आहे, डॉक्टर. पण लोकांचा तुमच्यावर काडीचा विश्वास नाही. एकही माणूस तुमच्याबद्दल बरं बोलला नाही. ती लहान मुलगी आहे ना, तिची आईसुद्धा."

"साहेब, काहीतरी गैरसमज होतोय—"

"तीन वर्षं ही माणसं तुम्हाला रक्त देतील? मला नाही वाटत. मी शिफारस करू शकत नाही. जळगावला जा, तिथे तुमचं भलं होईल."

जीप गेली. कौतिक रागाने नुसता धुमसत होता. याच लोकांसाठी त्याने बापाचे टोमणे खाल्ले, त्या भाऊसाहेबांपुढे लाचारी केली! जायचंय ना आता, मग आजच सामान बांधायचं. खोलीत जाऊन त्याने ट्रंक ओढली आणि हाताला लागतील ते कपडे तिच्यात कोंबले.

तेवढ्यात ओट्यावर गलका झाला. कुवरसिंग आला होता. बगलेत कोंबडा, मागे रेशमा, रुपली आणि निम्मं गाव. सगळ्यांचे चेहरे फुललेले. ते बघून कौतिकचा उरलासुरला धीर सुटला.

"आबा, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"तू? काहीच नही!" कुवरसिंगने कोंबडा त्याच्या हातात दिला. "मागना डाक्टर बी चांगला व्हता. मंत्री उना, तवय आमी बठ्ठा गावनी त्यानी वाहवा करी. महिनामा सरकार त्याले धुळाले लई गयं. चांगला डाक्टर आठे ऱ्हाऊ देतस का कधी? मंग यंदा आमी शानपन करं."

तो जवळ सरकला आणि कौतिकच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आमी बठ्ठास्नी साहेबले सांगं, हाऊ डाक्टर काही कामना नही. घोर नको करू, भाऊ. आते तुले आठून कोनी लई जाणार नही."