मागचं फाटक

“बाकीचे लोक कधी येणार रे?” आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

स्टेशनमास्तरनं आजूबाजूला पाहिलं. समोर तळं होतं, पलीकडे डोंगर, काठावर पाणी पिणारी दोन हरणं. माणूस मात्र औषधालाही नव्हता. आणि हीच तर त्याची कमाई होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत या राष्ट्रीय उद्यानात मुंगीला शिरायला जागा नसते. पण या माणसाचा उभा जन्म स्टेशनवरची गर्दी हाकण्यात गेलेला. त्यानं शनिवार-रविवार टाळून मधला वार धरला, सगळ्यांना उजाडायच्या आत उठवलं आणि मोठ्या दरवाजाला बगल देऊन, फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या मागच्या फाटकानं गाडी आत घातली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. गेले काही महिने, घरातले कामाला आणि शाळेला गेले की तिचं काहीतरी विचित्र चालायचं. चुकून लागलेल्या फोनवर ती अर्धा-अर्धा तास बोलायची. कोण होतं विचारलं तर म्हणायची, कोण जाणे. दुपारी ठेवणीतले कपडे घालून दाराशी खुर्ची टाकून बसायची. पार्सलवाल्याला आधी पाणी द्यायची, मग चहा, मग जेवूनच जा म्हणायची. बायको म्हणाली, वय झालंय, चालायचंच. मास्तरची मात्र झोप उडाली होती. आई आपल्या हातून निसटत चालली, असं त्याला वाटायचं आणि ते कुणापाशी बोलायचा धीर होत नव्हता. डॉक्टरांनाही नेमकं काही सापडलं नाही. जरा शांत जागी घेऊन जा, एवढंच ते म्हणाले.

आणि या शांत जागी तर तिनं कहरच केला. चार माणसांच्या सहलीला वीस जणांचा खाऊ डब्यात भरून आणला होता. तो डबा मांडीवर घेऊन, तळ्याकडे पाठ करून ती रस्त्याकडे डोळे लावून बसली होती.

“आई, कोण यायचंय?” त्यानं जपून विचारलं.

“कुणीही.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

तेवढ्यात लेकीला, छोटीला, लघवीला लागली. झुडपाआड जायला ती काही केल्या तयार होईना आणि स्वच्छतागृह होतं फक्त मोठ्या दरवाजाशी. कपाळावर हात मारून मास्तरनं गाडी वळवली.

तिथे भीती होती तेच झालेलं. उद्यान फिरवणाऱ्या बसच्या तिकिटाची रांग वळसे घेत पार झाडांपर्यंत गेली होती. बायको छोटीला घेऊन गेली. मास्तरनं गाडीला कुलूप लावून वळून पाहिलं तर आई जागेवर नाही. लोकांना धक्के देत तो रांगेच्या कडेनं धावत सुटला. ती सगळ्यात शेवटी उभी होती, डबा उघडून.

तिला ओढून काढायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तोही उभा राहिला. रांग इंचाइंचानं सरकत होती. बघता बघता पुढच्या बाईंचे गुडघे, मागच्या काकांचा रुसलेला जावई, टोपीवाल्या मुलीची गेलेली नोकरी, सगळं आईला तोंडपाठ झालं. एकाचं दुसऱ्याला चिकटवण्याची गफलत एकदाही झाली नाही. वर मास्तरकडे बोट दाखवून तिनं सगळ्यांना सांगितलं की हा गर्दी दिसली की पळतो, पोटाला मात्र याला गर्दीच लागते. रांग खदखदून हसली. मास्तर चक्रावून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. घरी दाराशी बसणारी ती हीच का, त्याला कळेना.

डबा रिकामा झाला. बायको आणि छोटीही येऊन मिळाल्या. पुढच्या बाईंनी तिकिटं घेतली, हात हलवला आणि त्या आत गेल्या. आता खिडकीशी यांचाच नंबर होता. मास्तरनं हुश्श केलं आणि पाकीट काढलं.

आईचा चेहरा एकदम उतरला. लहानपणी तो तिचा पदर ओढायचा, तशी तिनं त्याची बाही ओढली.

“आत गेले की सगळे पांगतील,” ती हळूच म्हणाली. “मग पुन्हा आपल्या घरातली दुपार. परत शेवटी जाऊन उभं राहू या का रे?”