नोरीनचा नकाशा चुकत नाही

"आण इकडे," म्हणत हॉलिसनं नोरीनच्या हातातला फोटो ओढूनच घेतला. तिला आधी सांगायचं होतं, मग फोटो द्यायचा होता. पण मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याच्या हाताला काय जोर येतो, विचारू नका!

फोटो मंगळावरचा. हॉलिसनं बनवलेल्या हवाई छत्रीला लटकून एक यान तिथं उतरायला गेलं आणि जे मुकं झालं ते कायमचंच. छत्री उघडलीच नाही, असं सगळे म्हणाले. त्या दिवसापासून या माणसानं फ्लॅगस्टाफ गावातल्या एकाही लग्नातला केक खाल्ला नाही. जायच्या आधी त्याला एवढंच बघायचं होतं, की वाळूवर पांढरं कापड पसरलंय. मंगळाभोवती फिरणारा कॅमेरा बंद करणार, असं ठरल्यावर नोरीननं त्याच्यासाठी शेवटचा एक फोटो मागून घेतला. जागाही तिनंच कळवली.

आणि नोरीन म्हणजे कोण! मंगळावरचा एखादा खडा तिच्या नकाशातल्या जागी सापडला नाही, तर लोक खड्याला दोष द्यायचे.

हॉलिसनं भिंग फिरवलं. वाळू. आणखी वाळू. कडेला एक खड्डा, मग परत वाळूच.

"उघडली असती तर यान इथंच उतरलं असतं," तो म्हणाला. "नाही उघडली गं. भलतीकडे जाऊन आपटलं असणार."

"अरे, जागाच चुकली! माझ्याकडून चुकली. यान उतरायच्या जागेचा तू दिलेला आकडा जुन्या पद्धतीच्या अक्षांशाचा, आणि मी तो नव्या नकाशावर तसाच टाकला. आज सकाळी लक्षात आलं. फोटो दहा-बारा मैल बाजूचा निघालाय."

"मग काढा परत."

"कॅमेरा काल बंद केला."

बाहेर मालगाडी ओरडत गेली, संपता संपेना. मग हॉलिस हसायला लागला, आणि हसता हसता खोकला.

"ही चूक शिकाऊ पोरं करतात, बाई. तू?"

"केली ना मी! आईची शपथ."

"तुझी आई कधीच गेली. तिचं आता काय बिघडणार?"

नोरीननं त्याच्या ताटातलं संत्रं उचललं आणि वरून-खालून असं दाबलं, की रस तिच्या मनगटावरून ओघळला. "हा बघ मंगळ. डोक्यावर चपटा, पोटात सुटलेला. आतल्या बियांपासून मोजलं तर एक अक्षांश येतो. सालीवर ताठ उभं राहून मोजलं तर दुसरा. तुझा दुसरा होता, आणि मी..."

"कुणाला शिकवतेस? मला माहीत आहे ते."

"मग ऐक ना रे माझं! तुझी छत्री उघडली असेल. तिकडे पडली असेल, कुणी बघितलंच नाहीये!"

त्यानं ते चेपलेलं संत्रं हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. फोटो पालथा घातला आणि त्यावरच संत्रं सोलायला बसला. वेळ लागला. पहिली फोड त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"खा," तो म्हणाला. "माझ्या समाधानासाठी स्वतःचं नाव बुडवायला निघालीस. एवढं कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी."