नागमोडी टाके

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मशीनवर तिनेच आखलेला टॅग अर्धवट होता. धुलाईच्या ढिगातली चादर यंत्राने दुरून ओळखावी, म्हणून ती टॅगसाठी धातूच्या दोऱ्याची अँटेना आखायची. मी शिंपी, शिवायचो. एकदा मी नागमोडी ओळ सवयीने सरळ शिवली. टॅग मुका झाला. “अहो शिंपीबुवा, वळणंच रेडिओलहर पकडतात,” ती हसली, “नीटनेटकेपणा गिऱ्हाइकांसाठी ठेवा!” सगळं आटोपल्यावर मी तो टॅग एकेक वळण सांभाळत पुरा केला, तिचं शेवटचं काम हातून बिघडायला नको होतं. टॅग वाचायचं यंत्र घेऊन आलेली तिची सहकारी मागे सरत पार गल्लीत गेली. “काका, बोलतोय! इथूनही बोलतोय!” ना बॅटरी, ना तार; चिमूटभर दोरा अन् तिळाएवढी चिप, हवेतली लहर पकडून उत्तर देतात! मी बघतच राहिलो. यानंतर ती करणार होती ती उशीच्या अभ्र्यासाठीची लहान अँटेना मात्र तिच्या हातून आखायची राहिली.